चव्वेचाळिसावा मणी

सराफ कट्ट्यावर दुकानं सोनारांची,
माझी फक्त पायरी.
सोनं त्यांचं, मोती त्यांचे;
माझं रेशीम, मेणाचा गोळा
आणि पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा.
पटवेकऱ्याला कोण विचारतं?
माळ तुटली, की विचारतात.

एकेचाळीसच्या श्रावणात बोलावणं आलं
नदीपलीकडून.
संस्थान केवढं? नकाशात तिळाएवढं.
पण तिळाचेही वाटे होतात:
त्रेसष्ट माणसं पलटणीत गेली होती.
राजेसाहेब गणवेश घालून फोटो काढवत होते.
राणीसाहेबांनी गळ्यातलं सगळं उतरवलेलं,
तन्मणी, चिंचपेटी, लफ्फा,
तबकात उष्ट्यासारखं पडलेलं.
म्हणाल्या, "बोरमाळ ओवा. मणी त्रेसष्ट.
एक कमी नको, एक जास्त नको."
कारकून यादी वाचत गेला, मी ओवत गेलो.
नाव, गाव, मणी, गाठ.

बोरमाळेचा मणी वरून सोनं, आत लाख.
मला माहीत, सोनाराला माहीत.
त्यांनाही माहीत असावं.
त्या मणी दोन बोटांत धरत,
दाबत कधी नसत.

तार आली, की सायकलवरून मला निरोप.
माळ सोडवायची. सोन्याचा मणी बाहेर,
त्या जागी काळा, काचेचा.
सोन्याचा मणी रुमालात बांधून त्या घरी जाई,
आणि त्याच आठवड्यात
त्या घरातली काळी पोत तुटलेली असे.
तीही कधीकाळी मीच ओवलेली.
तोब्रुकला चार. सिंगापूर पडलं
तेव्हा एकदम नऊ.
त्या दिवशी मेण संपलं
आणि उसनं आणायला मी उठलो नाही.

दसऱ्याच्या दरबारात, एजंटसाहेबासमोर,
त्यांच्या गळ्यात तीच माळ.
मडमेनं दुभाष्याकरवी विचारलं,
हा दागिना कुठला?
राणीसाहेब म्हणाल्या, "दागिना नाही. हजेरी."
दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे,
मडम गोड हसली.

पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर
पायरीवर एक माणूस येऊन टेकला.
हाडं, आणि वर खाकी.
"सतू हुलवान," म्हणाला.
"माळंत मी काळा हाय म्हणं."
चव्वेचाळिसावा. माझ्याच हातचा.
"सोन्याचा मणी घरला आलता.
चांगुणानं मोडला, म्हस घेतली.
म्हस दूध देतीया. आता तिला इकू का?"
मला उत्तर सुचेना.
त्यानं खिशातून काडतुसाची पुंगळी काढली,
माझ्या मेणाशेजारी ठेवली.
"येवढंच आणलंय."

सोनारानं पुंगळी वितळवून मणी ओतला, भरीव.
मजुरी घेतली नाही.
पितळेची मजुरी घेतली तर
कट्ट्यावर नाव जाईल, म्हणाला;
पण तोंड फिरवून म्हणाला.

राणीसाहेबांनी तो मणी तळहातावर घेतला,
मग दोन बोटांत धरला,
आणि पहिल्यांदाच दाबला.
दबला नाही.
पुन्हा दाबला.
बराच वेळ तेच चाललं होतं,
मी दोरा ओला करून बसलो होतो.
"त्याच्या जागेवर," म्हणाल्या.

संस्थान गेलं. राजवाड्यात कचेरी आली.
माळ आता संग्रहालयात, काचेआड, खाली चिठ्ठी:
"बोरमाळ. मणी त्रेसष्ट. सोने व काच.
एक मणी पितळी, बहुधा नंतरच्या दुरुस्तीतला."

असू दे. दुरुस्ती तर होतीच.
पण दोरा जीर्ण झालाय, इथून दिसतं.
रेशीम बारा वर्षांनी बदलावं लागतं,
कुणाला सांगायचं?
पहारेकरी पोरगा उठून आला,
"आजोबा, काचेला हात लावू नका."

लावला नव्हता.
मोजत होतो.